सोरायसिस, माशाचं तेल आणि जवसाची चटणी

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीनं मला रेल्वेवर बोलायला सांगितलं होतं आणि मी होही म्हटलं होतं. पण गेल्या महिन्यात आपल्यातल्याच एका काकूंनी माझ्या सौ.ला बाजूला घेऊन विचारलं, "यांच्या कोपराला ते पांढरं काय आहे गं? लेकरांना लागत नाही ना?" काकूंनी विचारलं ते फार बरं केलं. काही न विचारता दूर सरकून बसणारी माणसंही मी पाहिली आहेत. म्हणून समितीकडून विषय बदलून घेतला. रेल्वे मधेमधे येईलच, कारण ती डोक्यातून जात नाही.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. डिप्लोमा झालेला मेकॅनिकलचा माणूस, कॅरेज अँड वॅगन खात्यात नोकरी, हाताला कायम ग्रीस. या रोगाबद्दल जे कळलं ते रुग्ण म्हणून सोसून आणि इंजिनिअर म्हणून वाचून.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, लागत नाही. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, एक टॉवेल वापरल्यानं सोरायसिस होत नाही. आपलीच संरक्षण यंत्रणा चुकीच्या सिग्नलवर धावते, असं त्याचं स्वरूप आहे. कातडीची नवी पेशी तळाशी तयार होऊन वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हेच काम तीन ते पाच दिवसांत उरकतं. यार्डात गाड्या येतच राहिल्या आणि रिकामे रेक बाहेर काढायला वेळच मिळाला नाही तर जे होईल तेच कातडीवर होतं. थर साचतो, लाल होतो, पांढरे पापुद्रे निघतात. २०१४ साली जागतिक आरोग्य परिषदेनं ठराव करून सांगितलं, की हा असंसर्गजन्य, वेदनादायक आणि पूर्ण बरा न होणारा रोग आहे आणि रुग्णांना वाळीत टाकलं जाऊ नये. जगातल्या देशांना असा ठराव करावा लागला, यावरूनच काय ते समजा.

आपल्याकडे तर नावातच घोटाळा आहे. आयुर्वेदात 'कुष्ठ' हा शब्द त्वचेच्या अनेक विकारांना मिळून वापरला आहे, आणि सोरायसिसशी ज्याचं साम्य दाखवतात ते 'एककुष्ठ' त्यातलंच एक. पण आपण कुष्ठ म्हटलं की महारोगच समजतो. युरोपातही हा गोंधळ शतकानुशतकं चालला. व्हिएन्नाच्या हेब्रा नावाच्या डॉक्टरांनी १८४१ च्या सुमारास सोरायसिस हा महारोगापासून स्पष्टपणे वेगळा काढला.

मला पहिला चट्टा २०१४ च्या हिवाळ्यात आला. जयपूरची थंडी कोरडी, त्यात कामावर डिझेल आणि साबण. वाटलं, कातडी फुटली असेल. पुढच्या वर्षी एका मंडळात (कुठल्या ते सांगत नाही) आरतीनंतर खिरापतीचं ताट माझ्या हातात होतं. एका गृहस्थांनी ते अगदी हसत हसत काढून घेतलं. म्हणाले, "राहू द्या, तुम्ही दमला असाल." मी दमलो नव्हतो. त्या दिवसापासून जूनमध्येही पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू लागलो.

त्वचारोगतज्ज्ञांनी आधी मलमं दिली. त्यात एक कोलटारचं होतं. वासावरून लगेच ओळखलं, कारण जुन्या लाकडी स्लीपरना जे क्रिओसोट पाजायचे ते याच घराण्यातलं. मग चट्टे पाठीवर पसरले तेव्हा मेथोट्रेक्सेट सुरू झालं. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नव्हे, आणि मधूनमधून रक्त तपासावं लागतं. सहा महिन्यांत पाठ जवळजवळ साफ झाली. पण 'लिव्हरवर परिणाम होऊ शकतो' हे वाक्य डोक्यात रुतून बसलं. अशा वेळी एका स्नेह्यांनी ओमेगा-३ च्या कॅप्सूलची बाटली हातात ठेवली. म्हणाले, "नैसर्गिक आहे." आणि मी वाचायला लागलो.

वाचलं ते काय, हे सांगतो. ते खोटं नव्हतं, आणि माझी फसगत त्यातच झाली.

फॅटी अ‍ॅसिड म्हणजे स्निग्धाम्ल, तेलातुपाचा मूळ घटक. मी त्याच्याकडे मालगाडी म्हणून बघतो. कार्बनचा एकेक अणू म्हणजे एकेक वॅगन, आणि वॅगन कपलिंगनं जोडलेल्या. काही ठिकाणी साधं कपलिंग, काही ठिकाणी दुहेरी. ओमेगा हे ग्रीक लिपीतलं शेवटचं अक्षर, म्हणजे मोजायचं ते गार्डाच्या टोकाकडून. तिकडून तिसरं कपलिंग पहिलं दुहेरी असेल तर ती ओमेगा-३, सहावं असेल तर ओमेगा-६. जवसातली एएलए ही अठरा वॅगनची गाडी, तीन दुहेरी कपलिंगं. माशाच्या तेलातली ईपीए वीस वॅगनची, पाच दुहेरी. आणि अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड नावाची एक ओमेगा-६ गाडी आहे, तीही वीसच वॅगनची, पण दुहेरी कपलिंगं चार.

या शेवटच्या दोघींवर सगळं नाट्य आहे. दोन्ही गाड्या पेशीच्या आवरणात उभ्या असतात आणि दोघींचं शंटिंग तीच एन्झाइमं करतात. अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिडपासून ल्युकोट्राइन बी-४ नावाचा पदार्थ तयार होतो. तो पांढऱ्या पेशींना हाका मारून गोळा करतो. त्या आल्या की लाली, सूज, आग. ईपीए त्याच शंटिंगला गेली तर ल्युकोट्राइन बी-५ तयार होतो. तो त्याच जातीचा, पण कित्येक पटींनी मवाळ. १९७५ साली संशोधकांना सोरायसिसच्या चट्ट्यात अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड नेहमीपेक्षा जास्त सापडलं होतं. पुढे बी-४ ही तिथे सापडला. या रसायनांच्या घराण्यावर मूलभूत काम करणारे बर्गस्ट्रॉम, सॅम्युएल्सन आणि व्हेन यांना १९८२ चं नोबेल मिळालं. म्हणजे तर्क सरळ होता: चट्ट्यातल्या यार्डात ओमेगा-६ च्या जागी ओमेगा-३ च्या गाड्या भरा, आग कमी होईल.

त्यात ग्रीनलँडची हकिकत. तिथले मूळ रहिवासी सील आणि मासे खाऊन राहायचे. उपर्नाविक या उत्तरेच्या जिल्ह्यात सुमारे १,८०० लोकांच्या १९५० ते १९७४ या काळातल्या आजारांची नोंद तपासून १९८० साली प्रसिद्ध झाली. डेन्मार्कच्या प्रमाणात पाहिलं तर तिथे सोरायसिसचे ४० रुग्ण निघायला हवे होते. निघाले दोन. मी हे वाचलं आणि त्याच रात्री मेथोट्रेक्सेटची पट्टी कपाटात टाकली.

इंजिनिअरनं एवढ्यावर थांबायला नको होतं. कुठल्याही भागाचं ड्रॉइंग चांगलं आहे म्हणून आपण तो बोगीत बसवत नाही, आधी चाचणी बघतो. मी चाचण्या वाचल्या, पण आवडल्या तेवढ्याच. १९८८ साली इंग्लंडमध्ये शेफील्डला २८ रुग्णांवर प्रयोग झाला. काहींना माशाच्या तेलाच्या रोज दहा कॅप्सूल, काहींना ऑलिव्ह तेलाच्या. आठ आठवड्यांत माशाचं तेल घेणाऱ्यांची खाज, लाली आणि पापुद्रे कमी झाले. हा मला तोंडपाठ होता. १९९३ साली नॉर्वेत १४५ रुग्णांवर चार महिने प्रयोग झाला. दिवसाला सहा ग्रॅम ओमेगा-३, समोर मक्याचं तेल. दोन्ही गटांत फरक नाही. हा मी वाचला होता आणि सोडून दिला होता. २०१९ मध्ये असे तेरा प्रयोग धुंडाळून एक आढावा निघाला, त्यातही माशाच्या तेलानं रोगाची तीव्रता लक्षणीय कमी होते असं दिसलं नाही. काही आढावे थोडे अनुकूल आहेत, पण ती अनुकूलताही 'मुख्य उपचाराच्या जोडीला' अशीच आहे.

आणि ग्रीनलँडचं काय? २०१५ साली तिथल्या लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला. हजारो वर्षं तसाच आहार घेऊन त्यांच्यात स्निग्धाम्लं हाताळणाऱ्या जनुकांतच बदल झालेले आढळले. म्हणजे ती गाडी वेगळ्या गेजच्या रुळांवर चालत होती. तिचं टाइमटेबल बघून मी भुसावळकर पोटाला वेळ लावत बसलो होतो.

आता हिशेब बघा, कारण ही चूक आपल्या मंडळातही बरेच जण करत असतील. कॅप्सूलच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. ते तेलाचं वजन. मागे बारीक अक्षरांत ईपीए १८०, डीएचए १२० असं असतं, निदान साध्या कॅप्सूलमध्ये तरी. शेफील्डवाल्यांच्या दहा कॅप्सूलमध्ये दिवसाला १.८ ग्रॅम ईपीए होतं. मी घेत होतो दोन कॅप्सूल, म्हणजे ०.३६ ग्रॅम. जो प्रयोग मला तोंडपाठ होता त्याच्याही पाचव्या हिश्शावर मी औषध बंद करून बसलो होतो! वॅगनचा भार मोजताना मी अशी चूक केली असती तर चार्जशीट मिळाली असती. याचा अर्थ दहा घ्या असा मुळीच नाही. मोठ्या मात्रेनं काही लोकांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलं आहे, आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

पुढे काय झालं ते सांगतो. पहिले दोन-तीन महिने काही झालं नाही, आणि मी सगळ्यांना कॅप्सूलची शिफारस करत सुटलो. दोघांनी घेतल्याही. मग दिवाळीनंतर चट्टे परतले. त्याबरोबर सकाळी टाचा दुखायला लागल्या. खडीवरून रोज चालणं, त्यामुळे असेल म्हटलं. मग उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं, पूर्ण बोटच, सांध्यापुरतं नाही. पाना पकडताना दुखायचं. पाना लागला असेल म्हटलं. असे आठ महिने काढले.

आमच्याकडे गाडी यार्डात शिरताना दोन्ही बाजूंनी माणसं बसून चाकांकडे बघतात, कान देतात. याला रोलिंग-इन तपासणी म्हणतात. गाडी थांबली की अ‍ॅक्सल बॉक्सचं तापमान बघायचं. पूर्वी हाताच्या मागच्या बाजूनं बघत, आता तापमान मोजायची बंदूक आली आहे. एखादा बॉक्स बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर 'हॉट अ‍ॅक्सल'. मग त्यात वरून ग्रीस कोंबून गाडी पुढे सोडत नाहीत. वॅगन कापायची, सिक मार्क करायची आणि सिक लाइनला न्यायची. ग्रीस चांगलंच असतं हो. ते ज्या साबणापासून बनतं त्यातलं स्निग्धाम्ल एरंडेल तेलापासून काढतात; आपल्या सिरोही-जालोरकडे एरंडाची शेतं आहेत ना, तेच. पण बेअरिंगचा रोलर फुटलेला असेल तर चांगलं ग्रीस काय करणार? आणि जास्त कोंबलं तर त्यानंही बेअरिंग तापतं. वीस वर्षं मी नव्या पोरांना हे शिकवतोय. माझं स्वतःचं बोट आठ महिने हॉट अ‍ॅक्सलसारखं तापलेलं होतं आणि मी वरून तेल घालत होतो.

शेवटी सौ.नं ओढून नेलं. सांध्यांच्या डॉक्टरांनी बोट बघितलं, नखं बघितली. नखांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे होते, ते मला कधी महत्त्वाचे वाटलेच नव्हते. त्यांनी विचारलं, "औषध कोणी बंद केलं?" मी म्हटलं, "मीच." ते काही बोलले नाहीत. लिहीत राहिले. सोरायसिसच्या दर चार-पाच रुग्णांमागे साधारण एकाला हा सांध्यांचा प्रकार होतो, आणि एकदा हाड झिजलं की ते परत येत नाही. माझं मधलं बोट आज पूर्ण मिटत नाही. हे बघा. एवढंच मिटतं.

आता, एवढं झाल्यावर मी स्निग्धाम्लांना शिव्या घालाव्यात असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. या शास्त्रातला खरा रस तर पुढेच आहे. अमेरिकेत बोस्टनला चार्ल्स सेर्हान यांच्या प्रयोगशाळेनं २००० च्या सुमारास दाखवलं, की ईपीए आणि डीएचएपासून आपलं शरीर 'रिझॉल्विन' नावाची संयुगं बनवतं. दाह आपोआप विझतो असा समज होता. प्रत्यक्षात तो विझवायलाही शरीर माणसं पाठवतं. आग लागली तर बंब येतो, आणि काम झाल्यावर नळ्या गुंडाळून घेऊन जाणारी तुकडी वेगळी असते, तसं. ज्यांच्या कातडीवर सोरायसिससारखा दाह उठवला आहे अशा उंदरांना रिझॉल्विन दिल्यावर दाह कमी झाला. उंदरांत. माणसाच्या सोरायसिससाठी त्यातलं एकही औषध अजून मान्य झालेलं नाही. ल्युकोट्राइन बी-४ अडवणाऱ्या औषधांकडूनही अशीच मोठी आशा होती आणि माणसांत ती फोल ठरली, हे लक्षात ठेवून मी वाट बघतोय.

वाट किती लांब असते त्याचं एक उदाहरण. श्वेकेनडीक नावाचा जर्मन रसायनतज्ज्ञ स्वतः सोरायसिसचा रुग्ण होता. त्यानं फ्युमॅरिक अ‍ॅसिडच्या संयुगांचा प्रयोग स्वतःवर केला आणि १९५९ साली लिहून प्रसिद्ध केला. हे स्निग्धाम्ल नव्हे, छोटं चार कार्बनचं अ‍ॅसिड. जर्मनीत त्याचं अधिकृत औषध झालं १९९४ मध्ये, आणि त्यातलं डायमेथिल फ्युमॅरेट युरोपभर सोरायसिससाठी मान्य झालं २०१७ मध्ये. अठ्ठावन्न वर्षं. मध्यंतरी मात्रा ठरली, पोट बिघडतं ते कळलं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात म्हणून तपासण्या ठरल्या. स्वतःवर प्रयोग त्यानंही केला आणि मीही केला. पण त्याचा प्रयोग पुढे शेकडो लोकांनी तपासला, माझा फक्त बायकोनं.

आता जवस, ज्याला इथे अलसी म्हणतात. आईच्या हातची जवसाची चटणी भाकरीवर तेल घालून खाल्लेली मंडळी इथे बरीच असतील. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक एएलए असते. शाकाहारी माणसाला ओमेगा-३ चा इतका स्वस्त साठा दुसरा नाही. पुण्यात भारती विद्यापीठातल्या संशोधकांनी राष्ट्रीय कृषी प्रकल्पातून जवसाची पूर्ण साखळी अभ्यासली. कोंबड्यांना जवस खाऊ घालून ओमेगा-३ वाली अंडीसुद्धा काढली. आपल्या राजस्थानात कोट्यानं 'कोटा बारानी अलसी' या नावाचे वाण दिले आहेत. पण अठरा वॅगनच्या गाडीची वीस वॅगनची गाडी करायला शरीराच्या यार्डात जागा फार कमी. शंभर भाग एएलए खाल्ली तर ईपीए जेमतेम पाच-दहा भाग होते. म्हणून चटणी जरूर खा, हृदयाला बरी, पोटाला बरी, चवीला तर आहेच. ती चट्टा घालवेल म्हणून खाऊ नका. त्यापेक्षा, वजन जास्त असेल तर ते उतरवल्यानं चट्टे आणि औषधाचा गुण दोन्ही सुधारतात, याला पुरावा चांगला आहे. मी नऊ किलो उतरवलं. चार परत आले, ते मोदकांचे.

तेल कातडीवर लावणं ही मात्र वेगळी गोष्ट. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधं व्हॅसलीन लावलं तर इथल्या डिसेंबर-जानेवारीत खूप आराम पडतो. भेगा पडत नाहीत, पापुद्रे सुटतात. हे मी रोज करतो आणि डॉक्टरही हो म्हणतात.

आज माझं मेथोट्रेक्सेट पुन्हा चालू आहे, दर रविवारी, आणि फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवशी. दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो. लिव्हर आजवर ठीक आहे. त्यानं भागलं नाही तर इंजेक्शनची नवी औषधं आहेत. बंगळुरूच्या बायोकॉननं २०१३ मध्ये सोरायसिससाठी इटोलिझुमॅब बाजारात आणलं, नंतर आणखीही आली. महाग आहेत, पण आहेत. माशाच्या तेलाची कॅप्सूल मी डॉक्टरांना दाखवून ठेवली आहे. ते म्हणाले, "घ्यायची तर घ्या, पण मला सांगून." रोज एक घेतो. कशासाठी ते मलाही नक्की सांगता येणार नाही.

ज्या दोघांना मी कॅप्सूलची शिफारस केली होती त्यांना फोन करून हे सगळं सांगितलं. एकानं औषध बंद केलंच नव्हतं, माझ्यापेक्षा शहाणा निघाला. दुसऱ्यानं केलं होतं. त्याला घेऊन मी स्वतः डॉक्टरांकडे गेलो.

सचिव घड्याळ दाखवताहेत, आरतीची वेळ झाली. कोणाला काही विचारायचं असेल तर मागे खुर्च्यांपाशी थांबतो, कोपर बघायचं असेल तर तेही बघा, आज मुद्दाम अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून आलो आहे. आणि समितीशी बोलून ठेवलंय, आज खिरापत मी वाटणार आहे.

गणपती बाप्पा मोरया!